हेरोदाला कोणी बसवलं?

नगर जिल्ह्यातल्या एका गावातून एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत आणि रविवारी मंडळीत शब्बाथ शाळेचा वर्ग घेतात. पत्र मोठं आहे. त्यातला गाभा त्यांच्याच शब्दांत देते.

"आमच्या मंडळीचं कबरस्थान मिशनच्या काळापासूनचं. अलीकडे त्याच्या रस्त्याकडच्या बाजूला टपऱ्या आल्या, मग एक पत्र्याचं शेड आलं. माझ्या आजेसासूबाईंची कबर आता त्या शेडच्या मागच्या भिंतीला लागली आहे. ग्रामपंचायतीत तोंडी सांगून झालं, काही झालं नाही. आता माझे दीर आणि तरुण संघाची मुलं तहसील कचेरीत निवेदन देऊन एक दिवस धरणं धरायचं म्हणतात. माझे सासरे मंडळीचे ज्येष्ठ पंच. त्यांनी उपासनेनंतर उभं राहून रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय वाचला आणि म्हणाले, अधिकाऱ्यांना विरोध म्हणजे देवाच्या व्यवस्थेला विरोध. ज्याला हे पटत नाही त्याने पंचांच्या दारात यायचं नाही. आता घरात बाप-लेक एका पंगतीला बसत नाहीत. त्याच रविवारी मी वर्गात दानीएलाचा धडा घेतला होता, देव राजांना काढतो आणि राजांना बसवतो. पाचवीतल्या एका मुलीने विचारलं, मग बेथलेहेमातली बाळं मारणाऱ्या हेरोदाला कोणी बसवलं? मी म्हटलं, पुढच्या रविवारी सांगते. तेव्हापासून मी दुसरेच धडे घेते आहे. देव सगळ्या राजांचा राजा आहे हे मी आता कशाच्या जोरावर शिकवू? आणि घरात कोणाच्या बाजूने बोलू?"

प्रिय ताई,

ख्रिस्तात सलाम.

आधी त्या मुलीला उत्तर देऊ. मोठी माणसं ज्या वचनावरून भांडताहेत त्याच्या मुळाशी तिने हात घातला आहे. तिला उत्तर दिल्याशिवाय रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय कोणी कोणापुढे वाचू नये, असं मला मनापासून वाटतं.

हेरोदाला राजा कोणी केलं हे इतिहासाला ठाऊक आहे. इ.स.पू. ४० मध्ये रोमच्या सिनेटने त्याला यहूदीयाचा राजा ठरवलं आणि तीन वर्षांनी रोमी सैन्य बरोबर घेऊन त्याने यरुशलेम जिंकलं. यरुशलेमेचं मंदिर नव्याने, भव्य बांधायला काढलं ते त्यानेच, आणि आपली बायको मरियम्ने आणि आपले तीन मुलगे मारून टाकले तेही त्यानेच. असा माणूस बेथलेहेमात कसा वागला ते मत्तयाने लिहून ठेवलं आहे. तेव्हा 'हेरोदाला रोमने बसवलं' हे उत्तर खरं आहे आणि ते मुलीला सांगायला बिचकू नका. माणसांचे निर्णय, त्यांची कारस्थानं, त्यांची लाचारी, यातलं काहीच पवित्र शास्त्र झाकून ठेवत नाही. दानीएल ज्या देवाविषयी बोलतो त्याची सत्ता रोमच्या सिनेटच्याही वर आहे. पण म्हणून सिनेटचा आणि हेरोदाचा दोष तो स्वतःच्या माथी घेऊन त्यांना मोकळं सोडत नाही.

होशेयाच्या आठव्या अध्यायात तर देव स्वतःच म्हणतो की या लोकांनी राजे केले, पण माझ्याकडून नाही. आपल्या मंडळ्यांत हे वचन फार कमी वाचलं जातं. ते दानीएलाच्या वचनाशेजारी ठेवून वाचायला हवं. देवाच्या सत्तेबाहेर एकही राजा नाही, हे खरं. प्रत्येक राजा देवाच्या मर्जीतला आहे, हे मात्र शास्त्र कुठेही म्हणत नाही. आपला सगळा घोटाळा ही दोन वाक्यं एकच समजल्याने होतो.

नीतिसूत्रांच्या एकविसाव्या अध्यायात राजाच्या मनाला पाटाच्या पाण्याची उपमा दिली आहे, परमेश्वर ते पाहिजे तिकडे वळवतो. तुमच्या भागातल्या मुलांना हे फार समजावून सांगावं लागणार नाही. प्रवरेच्या पाटावर रात्री दारं धरायला त्यांच्यातल्या कितीतरी जणांचे वडील जातात. पाण्याला आपला जोर असतो, ते कधी गढूळ येतं, बांध फोडायला बघतं. दारं धरणाऱ्याने ते गढूळ केलेलं नसतं. तरी ते कुठल्या वाफ्यात जाईल ते त्याच्या हातात असतं. हेरोदाच्या मनातली भीती आणि क्रौर्य हेरोदाचं होतं. त्या क्रौर्याला येशूपर्यंत पोहोचू द्यायचं नाही, हे देवाने ठरवलं. योसेफाला स्वप्न पडलं आणि रात्रीच ते कुटुंब मिसरात निघून गेलं.

इथे तुमची विद्यार्थिनी विचारील, मग बाकीच्या बाळांचं काय? ताई, इथे घाई करू नका. मत्तयाने या प्रश्नाचं स्पष्टीकरण दिलेलं नाही. देवाने असं घडवून आणलं, असंही त्याने कुठे म्हटलं नाही. त्याने यिर्मयाचं वचन पुढे ठेवलं: राहेल आपल्या मुलांसाठी रडते आहे आणि कोणी समजूत घातली तरी ती समजूत करून घेत नाही. शुभवर्तमानाच्या पहिल्या पानांवर, ख्रिस्तजन्माच्या आनंदाच्या गोष्टीत, हा आक्रोश तसाच ठेवला आहे. देव राज्य करतो असं मानणाऱ्या माणसाने त्या आयांना गप्प करायचं नसतं. हबक्कूक संदेष्ट्याने हाच प्रश्न देवाला तोंडावर विचारला, की तुझे डोळे इतके शुद्ध की तुला वाईट पाहवत नाही, मग दुष्ट माणूस नीतिमानाला गिळतो तेव्हा तू गप्प का? देवाने त्याला हाकलून दिलं नाही. ती तक्रार शास्त्रात आहे, म्हणजे आपल्या उपासनेत तिला जागा आहे. मुलीला सांगा की तुझ्यासारखाच प्रश्न एका संदेष्ट्याने विचारला होता. आणि हेरोद मेला, हेही सांगा. मत्तय ते एका ओळीत उरकतो. ज्याच्या भीतीने अख्खं यरुशलेम घाबरलं होतं तो गेला, आणि योसेफ मरिया व बाळाला घेऊन परत निघाला.

आता बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्याकडे या, कारण घरातल्या भांडणाची किल्ली मला त्याच्या गोष्टीत दिसते. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास त्याच्या सैन्याने यरुशलेमेचं मंदिर जाळलं. यहूदाचा राजा सिद्कीया याच्या डोळ्यांदेखत त्याची मुलं मारली आणि मग त्याचे डोळे काढले. या माणसाला यिर्मयाच्या सत्ताविसाव्या अध्यायात देव 'माझा सेवक' म्हणतो. वाचताना अंगावर काटा येतो. पण सेवक म्हटलं की मालक आला आणि हिशेबही आला. यशयाच्या दहाव्या अध्यायात अश्शूरचा राजा देवाच्या रागाची काठी आहे, आणि त्याच अध्यायात 'हे मी माझ्या बळावर केलं' असं म्हणाल्याबद्दल देव त्याला जाब विचारतो: कुऱ्हाड तिने तोडणाऱ्यापुढे मिरवेल काय? नबुखद्नेस्सराचंही तेच झालं. बाबेलच्या राजवाड्याच्या गच्चीवर उभा राहून, हे थोर नगर मी माझ्या सामर्थ्याने बांधलं, असं म्हणता म्हणता त्याची बुद्धी गेली आणि तो बैलांसारखा गवत खात फिरला. परात्पर देव माणसांच्या राज्यांवर राज्य करतो हे त्याला कळलं तेव्हाच तो भानावर आला.

या गोष्टीतली एक जागा आपण नेहमी ओलांडून जातो. दानीएल त्याला स्वप्नाचा अर्थ सांगून थांबत नाही. तो बंदिवान म्हणून आणलेला परदेशी माणूस, राजाच्या नोकरीत. तरी तो राजाला म्हणतो, महाराज, माझा सल्ला ऐका. नीतीने वागून पापं सोडा, गरिबांवर दया करून अन्याय सोडा. यांना देवाने बसवलं आहे, तेव्हा मी कोण बोलणार, असं दानीएलाला वाटलं नाही. उलट देवाने बसवलं आहे म्हणूनच तो बोलला. ज्याला वरून सत्ता मिळाली त्याला त्या सत्तेची आठवण करून देता येते. आपलीच मालकी आहे असं मानणाऱ्याला कसली आठवण देणार? देवाच्या सार्वभौमत्वाची शिकवण माणसाला सत्तेपुढे मान ठेवायला शिकवते, आणि तीच त्याला सत्तेपुढे उभं राहून बोलायची हिंमत देते. तुमच्या सासऱ्यांनी पहिला भाग धरला आहे, दिरांनी दुसरा.

रोमी सुभेदार पिलातासमोर येशूने हेच दोन्ही केलं. तुला सोडायचा आणि वधस्तंभावर द्यायचा अधिकार मला आहे, असं पिलात म्हणाला. येशूने त्याचा अधिकार नाकारला नाही. तो म्हणाला, तुला वरून दिलेला नसता तर माझ्यावर तुझा काहीच अधिकार चालला नसता. आणि पुढच्याच दमात पापाविषयी बोलला: ज्याने मला तुझ्या हाती दिलं त्याचं पाप अधिक. अधिक म्हणजे पिलाताचंही आहेच. अधिकार वरून आलेला आहे म्हणून पिलाताचे हात स्वच्छ ठरले नाहीत, त्याने ते कितीही धुतले तरी.

आता तो तेरावा अध्याय. पौलाने हे पत्र साधारण इ.स. ५७ च्या सुमारास लिहिलं. रोममध्ये नीरो गादीवर येऊन दोन-तीन वर्षं झाली होती, ख्रिस्ती लोकांचा छळ अजून सुरू व्हायचा होता. पण जखम ताजी होती. नीरोच्या आधीच्या क्लौद्य कैसराने यहूद्यांना रोममधून घालवून दिलं होतं, आणि त्यांत अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला ही ख्रिस्ती जोडी होती हे प्रेषितांच्या कृत्यांत आलं आहे. पौलाचं पत्र रोमला पोहोचलं तोवर ती दोघं परत आली होती, त्यांच्या घरात मंडळी भरत होती. त्याच सुमारास रोममध्ये करवसुलीवरून लोकांत असंतोष होता, इ.स. ५८ च्या हकिकतीत रोमी इतिहासकार टॅसिटसने त्याची नोंद केली आहे. अशा वेळी एका लहानशा, एकदा उठवल्या गेलेल्या मंडळीला पौल सांगतो: कर द्या, मान द्या, सूड घेऊ नका, सरकारशी उगाच वैर घेऊ नका.

तुमच्या सासऱ्यांना मी इथे फार जवळून ओळखते असं वाटतं. गावात आपली मूठभर घरं, दुकानात, दवाखान्यात, विहिरीवर सगळ्यांशी संबंध, आणि मुलांनी तहसील कचेरीपुढे बसायचं म्हटल्यावर उद्या काय होईल याची धास्ती. ही धास्ती भित्रेपणाची नाही. त्यांच्या पिढीने अशी धास्ती गिळूनच मंडळी टिकवली. पौलालाही रोमच्या त्या घरांची तशीच काळजी होती. हे दिरांना समजावून सांगा, कारण 'बाबा घाबरट आहेत' असं ते म्हणत असतील तर तिथे ते चुकताहेत.

पण सासऱ्यांनी अध्याय अर्धाच वाचला. अधिकारी तुझ्या हितासाठी देवाचा सेवक आहे, असं पौल चौथ्या वचनात म्हणतो. म्हणजे त्याचं काम ठरलेलं आहे, चांगल्याचं रक्षण आणि वाइटाला आळा. ज्या सेवकाकडे काम सोपवलं आहे त्याच्याकडे ते काम घेऊन जाणं हा विरोध कसा होईल? तहसीलदारांकडे निवेदन नेणारी मुलं त्यांना देवाने दिलेल्या कामाला बोलावताहेत.

पौल स्वतः कसा वागला तेही बघा. फिलिप्पै इथे त्याला आणि त्याचा सोबती सीला याला चौकशी न करता फटके मारून तुरुंगात टाकलं. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप पाठवला, यांना सोडून द्या. गुपचूप निघून जाणं सोपं होतं. पौल म्हणाला, आम्ही रोमी नागरिक, आम्हाला न्याय न करता चारचौघांत मारलं आणि आता चोरून घालवता? त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं. अधिकारी आले आणि त्यांनी विनवणी केली. पुढे यरुशलेमेत चाबूक मारायला बांधला तेव्हा त्याने पुन्हा नागरिकत्व पुढे केलं, आणि रोमी सुभेदार फेस्तापुढे म्हणाला, मी कैसराजवळ न्याय मागतो. रोमकरांस पत्र लिहिणारा हाच माणूस. कायद्याने दिलेला हक्क मागताना आपण देवाच्या व्यवस्थेविरुद्ध जातो आहोत, असं त्याला एकदाही वाटलं नाही. सासऱ्यांशी वाद घालू नका. एखाद्या संध्याकाळी कृत्यांचा सोळावा आणि पंचविसावा अध्याय त्यांनाच वाचायला सांगा, आणि रोमकरांस पत्र बाराव्या अध्यायाच्या चौदाव्या वचनापासून तेराव्याच्या दहाव्यापर्यंत सलग. ते जुने वाचक आहेत, मधली अध्यायाची रेघ पुसली की त्यांना दिसेल.

अर्धा वाचलेला हा अध्याय जगात फार महाग पडला आहे. १९३३ नंतर जर्मनीत हिटलरच्या राज्याला देवाची देणगी म्हणणारे ख्रिस्ती पुढारी होते आणि त्यांच्या तोंडी हेच वचन होतं. मे १९३४ मध्ये बार्मेन इथे जमलेल्या मंडळ्यांनी घोषणापत्र काढून सांगितलं की न्याय आणि शांती राखण्याचं काम देवाने राज्याला दिलं आहे, पण माणसाचं सगळं जीवन आपल्या ताब्यात घेण्याचा अधिकार दिलेला नाही. त्या घोषणापत्रात यहूद्यांविषयी एक शब्द नव्हता, हे दुःखही त्याच्याबरोबर सांगितलंच पाहिजे. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांच्या डच रिफॉर्म्ड चर्चने कित्येक दशकं वर्णभेदाला शास्त्राचा आधार पुरवला. १९८५ मध्ये तिथल्या ख्रिस्ती ईश्वरविद्या अभ्यासकांनी 'कैरोस दस्तऐवज' काढला, तेव्हा रोमकर तेराचा सरकारने चालवलेला गैरवापर त्यांनी आधी उघडा केला.

तुमचं गाव म्हणजे जर्मनी नव्हे, आणि तुमचे तहसीलदार नबुखद्नेस्सर नव्हेत, हेही ध्यानात असू द्या. ते कदाचित कामाच्या ओझ्याखाली दबलेले, बरे गृहस्थ असतील. मुलांनी पहिल्याच निवेदनात प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायातला पशू दाखवायची गरज नाही. तो अध्यायही शास्त्रात आहे, राज्य स्वतःला देव म्हणवून घेऊ लागलं तर काय होतं ते सांगणारा. टपऱ्या हटवण्यासाठी तो लागत नाही.

तुमच्या प्रकरणाला सगळ्यात जवळची गोष्ट १ राजे एकविसाव्या अध्यायात आहे. नाबोथाचा द्राक्षमळा अहाब राजाच्या वाड्याला लागून होता. राजाला तिथे भाजीपाल्याची बाग करायची होती. त्याने बदली मळा द्यायची, पैसे द्यायची तयारी दाखवली. नाबोथ म्हणाला, माझ्या वाडवडिलांचं वतन मी देणार नाही. राणी ईजबेलने राजाच्या नावाने पत्रं लिहिली, त्यावर राजाची मोहर केली, खोटे साक्षीदार उभे केले, उपास जाहीर करून धर्माचा देखावा केला, आणि नाबोथाला धोंडमार झाली. कागद अगदी नियमाने केलेले होते. अहाब मळा ताब्यात घ्यायला गेला आणि तिथे संदेष्टा एलीया त्याच्यापुढे उभा राहिला: तू खून करून वतनही घेतलंस काय? अहाब हा इस्राएलाचा गादीवर बसलेला राजा होता. तू अधिकाराला विरोध केलास, असं कोणी एलीयाला म्हणालं नाही. म्हणालाच तर तो अहाब, ज्याने त्याला आधीपासूनच शत्रू ठरवलं होतं. एका साध्या माणसाच्या जमिनीच्या तुकड्यासाठी देवाने आपला संदेष्टा राजाच्या वाटेत उभा केला, हे मला या साऱ्या शिकवणीतलं सगळ्यात मोठं आश्वासन वाटतं. देवाचं राज्यांवरचं राज्य असं शेताच्या बांधापर्यंत उतरतं.

आणि आपल्या घरचंच उदाहरण हवं असेल तर पंडिता रमाबाई आहेत. राज्य व्हिक्टोरिया राणीचं, ख्रिस्ती राणीचं. मिशनऱ्यांशी त्यांचे संबंध होते, परदेशातून मदत येत होती. तरी १८९७ मध्ये पुण्यातल्या सरकारी प्लेग व्यवस्थेत बायका-मुलींची झालेली हेळसांड पाहून त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती पत्रात ती जाहीर लिहिली. रमाबाई प्रार्थनेची बाई. प्रार्थना करणाऱ्याने बोलू नये, असा नियम त्यांना ठाऊक नव्हता.

आता आपल्या देशात 'अधिकार' म्हणजे नेमकं कोण, हे सासऱ्यांशी शांतपणे बोलायला हवं. पौलाच्या काळी वर कैसर होता. आपल्याकडे तहसीलदार, जिल्हाधिकारी, मंत्री या सगळ्यांच्या वर संविधान आहे, आणि तेही याच 'अधिकारा'त मोडतं. त्याच्या कलम १९ ने शांततेने, शस्त्राविना एकत्र जमायचा हक्क दिला आहे. ज्या संविधान सभेने ते लिहिलं तिचे एक उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी हे बंगाली ख्रिस्ती होते, हेही सासऱ्यांना सांगा, त्यांना आवडेल. परवानगी घेऊन, घोषणा जपून, एक दिवस बसणं हे अधिकाराच्या अधीन राहूनच केलेलं काम आहे.

सासऱ्यांच्या एका वाक्याबद्दल मात्र मी स्पष्ट बोलते. 'ज्याला पटत नाही त्याने पंचांच्या दारात यायचं नाही' हे म्हणायचा अधिकार त्यांना कोणी दिलेला नाही. देवाच्या सत्तेचं वचन वाचून त्यांनी ते स्वतःच्या खुर्चीसाठी वापरलं. ज्या शिकवणीपुढे कैसर झुकतो तिच्यापुढे पंचांनाही झुकावं लागतं. हे तुम्ही सून म्हणून सांगू नका, तुमच्यावर उलटेल. तुमच्या पाळकसाहेबांनी त्यांना एकांतात सांगावं. पत्रात पाळकसाहेबांचा उल्लेखच नाही, याचं मला नवल वाटलं. ते गप्प बसले असतील तर त्यांना बोलतं करायला हवं.

दिरांनाही दोन गोष्टी ऐकाव्या लागतील. टपरीवाले गरीब आहेत. त्यांचं पोट त्या चार फुटांवर चालतं. तेव्हा निवेदनात त्यांना पर्यायी जागा द्यावी ही मागणीही असू द्या आणि त्यांच्याशी आधी जाऊन बोला. बाराव्या अध्यायात पौल सगळ्यांबरोबर शक्य तितकं शांतीने राहा असं म्हणतो, ते टपरीवाल्यांनाही लागू आहे. आणि तहसीलदारांसाठी, सरपंचांसाठी मंडळीत नाव घेऊन प्रार्थना व्हावी, धरण्याच्या आधीच्या रविवारीच. तीमथ्याला पौलाने राजांसाठी प्रार्थना करायला सांगितलं ते राजे चांगले होते म्हणून नव्हे. आपण ज्याच्यासाठी प्रार्थना करतो त्याच्याशी बोलताना आपली भाषा बदलते. मुलांना त्याचा उपयोगच होईल.

तुम्ही स्वतः धरण्याला बसू नका. जिल्हा परिषदेच्या नोकरीचे नियम आहेत, आणि ते पाळणं हाही त्याच तेराव्या अध्यायाचा भाग आहे. तुमच्या हाती दुसरं मोठं काम आहे, कागदांचं. धरण्याआधी कागद हवेत, नाहीतर कचेरीत पहिला प्रश्न तोच येईल. त्या गटाचा सातबारा काढा आणि जमीन कोणाच्या नावावर आहे, इतर हक्कांत कबरस्थानाची नोंद आहे का, ते पाहा. जुने फेरफार मागवा. जागा मिशनच्या किंवा मंडळीच्या ट्रस्टच्या नावावर असेल तर धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदीत ती मिळकत दाखवली आहे का तेही बघा, आणि तसं असेल तर अर्ज ट्रस्टच्या विश्वस्तांच्या सहीने गेला पाहिजे. तोंडी सांगितलेलं कचेरीत राहत नाही. ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या, पोच घ्या, ग्रामसभेत विषय घ्यायला सांगा. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्जाचं काय झालं ते विचारा.

मुख्य म्हणजे मोजणी. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा आणि, जागा ट्रस्टच्या नावावर असेल तर विश्वस्तांच्या सहीबरोबर, त्यावर सासऱ्यांचीही सही घ्या. ज्येष्ठ पंच म्हणून ती हवीच, आणि कायद्याच्या वाटेने जायला त्यांची हरकत नसणार. ते पुढे झाले तर मुलांना कदाचित बसावंही लागणार नाही. मोजणीच्या दिवशी शेजारच्या गटांचे धारक हजर असतील. त्या वेळी तुमच्या बाजूने सासरे आणि दीर दोघंही तिथे असू द्या, आणि हद्दीच्या खुणा दाखवल्या की नकाशाची प्रत मागून घ्या.